महादेवरावांच्या घराची पाटी

"पाटीवर अक्षरं मोठी पायजेत गा," जिजाबाईंनी मुलाला बजावलं. "मले बारीक दिसत नाही."

रुपरावांनी मान हलवली. त्यांचे वडील महादेवराव म्हणजे जुन्या मध्यप्रांताच्या राजकारणातलं मोठं नाव. त्यांना जाऊन वीसेक वर्षं झाली. लकडगंजातलं त्यांचं घर विकलं गेलं, त्यात आता सागवानाचं गोदाम होतं. पण त्या घरावर संगमरवरी पाटी लावायचं स्मारक समितीनं एकदाचं ठरवलं. इकडे जिजाबाईंचा मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या पदर तोंडाला लावून आडव्या होत. जे काही बघायचं ते लवकर बघून व्हायला हवं होतं.

पहिल्या खेपेला वडिलांचं नाव मधोमध, चांगल्या ठसठशीत अक्षरांत कोरलं गेलं. अनावरणाच्या तोंडावर समितीचे चिटणीस गिरिधरभाऊ घाम पुसत आले.

"रुपरावजी, मंत्रीसाहेबाचं नाव खाली आलं ना! थे नाराज होऊन राहिले."

"मंग घ्या वर," रुपराव म्हणाले. कुणाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

पाटी घासून पुन्हा कोरली, तोवर मुंबईत सरकार पडलं. नवे मंत्री आले, पुन्हा घासाघाशी. मंत्री आले म्हणून महापौर आले, महापौरांमागून समितीचे अध्यक्ष, आणि भिंत दिली म्हणून गोदामाचे मालकही. प्रत्येकाच्या नावाआधी 'माननीय' हवं, आणि ते काही थोडी जागा खात नाही. दर वेळी गिरिधरभाऊ विचारत, "वडिलांचं नाव जरासं लहान केलं तर?" आणि रुपराव म्हणत, "चालते ना."

पडदा सरकला, टाळ्या वाजल्या आणि रुपराव पाटीवर वडिलांचं नाव शोधू लागले. वडिलांचं नाव पार तळाशी, उजव्या कोपऱ्यात, हरभऱ्याएवढ्या अक्षरांत अंग चोरून बसलं होतं. आपल्या भिडेपायी बाप स्वतःच्याच घरात उपरा झाला, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे चहाकडे वळले. जिजाबाई काठी टेकत पुढे झाल्या.

"हे मोठ्ठं कोनाचं नाव हाय?"

"मंत्र्याचं."

"अन् त्याच्या खाली?"

"महापौरांचं."

"अन् यायचं, तुह्या बापाचं?"

रुपरावांनी डोळे पुसले. त्यांनी आईचं बोट धरून कोपऱ्यात टेकवलं. "माय, माह्याच्यानं कोनाले नाही म्हनवलं नाही वं."

उखाण्यापलीकडे नवऱ्याचं नाव कधी न घेतलेल्या जिजाबाई त्या अक्षरांवरून हळूहळू बोट फिरवत राहिल्या. मग हसल्या.

"काहून रडून राहिला बाबा? घरी कोनी आलं का चांगल्या खुर्च्या त्यायले द्यायचे, अन् सोता दारापाशी चपलांजवळ बसायचे. मी भांडून भांडून थकली." त्यांनी पदरानं तो कोपरा पुसला. "बराबर बसले. घर यायचंच हाय."