साहेबांच्या पाठीमागचा निळा उमराव

साहेबांना फुलपाखरांचं वेड आहे हे कळलं, त्याच दिवशी विमा कचेरीतल्या जावक कारकुनालाही ते लागलं. त्याआधी फुलपाखरू आणि पतंग यांतला फरक त्याला माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर नंतरही कळला नाही. पण त्याची बायको तिच्या शाळेच्या नोकरीमुळे बाळाला घेऊन दुसऱ्या गावात राहत होती, आणि तिथल्या शाखेत त्याची बदली करणं साहेबांच्या हातात होतं. महिन्यातून एकदा घरी येणाऱ्या बापाला बघून बाळ आता भोकाड पसरायला लागलं होतं.

"रविवारी अभयारण्यात येता का? निळा उमराव शोधू," साहेब म्हणाले.

"साहेब, मी तर लहानपणापासून त्याच्या मागावर आहे," कारकुनाने ठोकून दिलं.

निळा उमराव नावाचं हे फुलपाखरू साहेबांना कित्येक वर्षं हुलकावणी देत होतं. कारकुनाने रात्री मोबाइलवर शोधाशोध केली, तर या उमरावाचं नाव मोठं आणि लक्षण खोटं निघालं. फुलांकडे तो ढुंकूनही बघत नाही. त्याला हवं असतं सडलेलं, आंबलेलं फळ. मग कारकुनाने काळी पडलेली केळी, साखर आणि बिअर कालवून एका बरणीत भरली आणि ती खाटेखाली सरकवली. घरमालकीण दोनदा येऊन उंदीर मेलाय का, असं विचारून गेली. अडचण एकच होती. साहेबांच्या फुलपाखरू मंडळात आमिष लावणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं. त्यामुळे जे करायचं ते गुपचूप करायला हवं होतं.

रविवारी साहेब पांढऱ्याशुभ्र पँटमध्ये आले. ते दुर्बिणीतून झाडाचे शेंडे न्याहाळत असताना कारकून "आलोच" म्हणून पुढच्या वळणावर सटकला, एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बरणी उपडी केली, काठीने सारवलं आणि ओढ्यावर हात धुवायला गेला. परत येऊन बघतो तर ओंडक्यावर साहेब ऐसपैस बसलेले.

"या, बसा. लाकूड काय गार आहे!"

"साहेब, उठा! मुंग्या असतील!"

"असू देत की. त्यांचंच घर आहे." साहेबांनी नाक वर केलं. एकदा हवा हुंगली, एकदा कारकुनाला हुंगलं. "तुम्ही सकाळीच घेऊन आलात?"

आमिष कबूल करावं तर लबाड ठरणार, न करावं तर दारुडा. त्यातल्या त्यात त्याला दारुडा बरा वाटला.

"थोडीशी, साहेब. उमराव दिसणार म्हणून राहवलं नाही."

"शाब्बास! आता माझ्या मागे चाला. आणि तोंड बंद ठेवा, जंगल बिघडतंय."

त्यामुळे पुढचं सगळं कारकुनाला अगदी जवळून बघायला मिळालं. साहेबांच्या पँटला मागे चिकटलेल्या केळ्याच्या लगद्यावर आधी माश्या आल्या. मग एक तपकिरी फुलपाखरू आलं, मग दोन पिवळी, मग ज्यांचं नाव त्याला या जन्मी येणार नव्हतं अशी बरीच. साहेबांच्या मागे वरात निघाली होती, आणि साहेब समोर दुर्बीण रोखून कुरकुरत होते, "काही राहिलं नाही हो या जंगलात. एक पंख दिसत नाही."

इतक्यात झाडावरून काहीतरी निळं झेपावलं आणि साहेबांवर येऊन बसलं.

"साहेब! हलू नका! उमराव!"

साहेब होते तिथे खिळले. "कुठे?"

"तुमच्यावर."

"खांद्यावर?"

"खाली."

"पाठीवर?"

"अजून खाली, साहेब."

साहेबांना उमगलं. त्यांचा चेहरा आनंदाने फुलावा की लाजेने पडावा, हे त्याचं त्यालाच कळेना. "फोटो काढा," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"पंखांवर उजेड नाही. जरा वाकता का?"

साहेब वाकले. नेमके तेव्हाच वळणावरून डोळ्यांचे डॉक्टर अवतरले. हे मंडळातले साहेबांचे जुने वैरी. तेही उमरावासाठी तितकीच वर्षं झुरत होते. त्यांनी एक नजर टाकली आणि आपला भलामोठा कॅमेरा घेऊन साहेबांच्या मागे चक्क गुडघे टेकले.

"आहाहा! काय रंग! जन्माचं सार्थक झालं!"

"मलाही बघू द्या हो!" साहेब वाकल्या वाकल्या कळवळले.

"मान वळवाल तर उडेल. थांबा, मी वर्णन करून सांगतो."

हे मात्र साहेबांना सहन झालं नाही. ते गर्रकन डावीकडे वळले, आणि बिअर चढलेला उमराव झोकांड्या खात उजवीकडून निघून गेला. जंगलात असलेल्या तिघांपैकी ज्याच्यावर तो येऊन बसला होता, त्यालाच तेवढा तो दिसला नाही.

परतताना साहेबांनी "लाकूड ओलं होतं वाटतं" म्हणत गाडीच्या सीटवर टॉवेल अंथरला आणि गाडी सुरू केली. कारकुनाने मनातल्या मनात बदलीवर पाणी सोडलं. अर्ध्या वाटेत साहेबांनी गाडी कडेला घेतली आणि फोन लावला.

"हां, मीच बोलतोय. उद्यापासून ज्याला तुमच्या शाखेत पाठवणार होतो ना, तो येत नाही... हो हो, बदली शुक्रवारीच मंजूर केली होती. पण माणूस फार कामाचा निघाला हो."

फोन ठेवून त्यांनी प्रेमाने कारकुनाचा खांदा दाबला. "मी विचार केला. इतकी वर्षं एकटा फिरलो, कधी आला नाही. आज तुमच्या वासाला आला. आता मला दिसेपर्यंत दर रविवारी तुम्ही यायचं. आणि हो, घेऊनच यायचं. खर्च माझा."

तेवढ्यात कारकुनाच्या खिशातला फोन वाजला. बायको होती. मागे बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"काय हो, झाले का साहेब खूश?"

कारकुनाने शेजारी बघितलं. साहेब शीळ घालत होते.

"फार खूश आहेत गं," तो म्हणाला. "सोडायलाच तयार नाहीत."