चार पत्र्यांचा प्रस्ताव

मालक ही बदलणारी वस्तू आहे, साहेब ही टिकणारी. चाकूरच्या एका डाळ मिलनं हे पंधरा वर्षांत तीनदा सिद्ध केलं.

कस्तुराबाई त्या मिलच्या अंगणात तूर निवडायची. तिचं मागणं एकच, निवडणाऱ्या अकरा बायांच्या डोक्यावर चार पत्रे. उन्हाळ्यात तिथली फरशी अशी तापते, की बाया ओलं पोतं बुडाखाली घेऊन बसतात (मिलच्या अहवालात याची नोंद 'वातानुकूलन' अशी आहे).

मिल सहकारी होती तेव्हा मॅनेजर मल्लिकार्जुन साहेबांनी तिचा अर्ज मायेनं ठेवून घेतला. मिल सगळ्यांची, तेव्हा सगळ्यांना विचारल्याबिगर खिळासुद्धा ठोकता येत नाही, असं समजावलं. सगळे काही कधी जमले नाहीत.

मग मिल कंपनीनं घेतली. खुर्ची तीच, साहेब तेच, गळ्यात फितीचं ओळखपत्र तेवढं नवं. आता मिल एकट्याची, तेव्हा त्या एकट्याला विचारल्याबिगर खिळा ठोकता येईना. तो राहतो कुठं, हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं. कंपनीनं मात्र उन्हाचा रीतसर अभ्यास करवला. एक्क्याण्णव टक्के बायांना ऊन लागतं, असं निघालं. उरलेले नऊ टक्के, म्हणजे कस्तुराबाईची जाऊ, त्या दिवशी भोवळ येऊन दवाखान्यात पडली होती.

शेवटी कंपनीही गेली, साहेबांची खुर्ची रिकामी झाली आणि मिल बायांच्याच गटाकडं आली. कस्तुराबाई अध्यक्ष झाली. पत्रेवाला महेबूब टेप घेऊन आला, अंगण मोजलं, अर्ध्या दिवसाचं काम म्हणाला.

"मावशी, मिल तुमची हाय. उद्या ठोकून देतो."

"आन् परवानगी?"

"तुमीच द्या की."

"म्या कशी देऊ बाबा? म्या नुसती मालकीण हाय."

महेबूब हसला. बाया हसल्या नाहीत. बैठकीत सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, अर्ज द्यायलाच कुणी न्हाई, तर ही मिल कसली? जाऊ म्हणाली, आधी पत्रे ठोका, मग साहेब आणा. तिला बैठकीची शिस्त समजावण्यात आली.

जाहिरात निघाली. पात्रता: याच मिलचा पंधरा वर्षांचा अनुभव. अर्ज एकच आला. साहेब रुजू झाले. बायांनी हार घातला, पंखा त्यांच्याकडं वळवून दिला. त्यांनी कस्तुराबाईला 'बसा' म्हटलं (हा तिसऱ्या राजवटीचा मोठाच लाभ) आणि पत्र्यांचा प्रस्ताव तीन प्रतींत मागितला.

तिनं सही करून दिला. आठवड्यानं तोच प्रस्ताव अध्यक्ष म्हणून तिच्यापुढं आला. तिनं चष्मा पुसला, दोनदा वाचला आणि शेरा मारला, 'तपासून फेरसादर करावे.' अभिमानानं साहेबांचे डोळे भरून आले. बाहेर जाऊ पोतं भिजवत होती.

एवढं वाचेस्तोवर या मिलसाठी तुम्हाला दोन-तीन चांगल्या सूचना सुचल्या असतील. सुचायच्याच. तुम्ही सावलीत बसला आहात.