ठकूबाईचे सुरक्षित एकोणीस दिवस

माझ्या हाताखाली अपघात होत नाही. ही बढाई नाही. इथे आखातात, फिंतासला आमच्या बांधकामाच्या साइटच्या फाटकावर हिरवा फलक लावलाय, त्यावर लिहिलेलं सांगतोय: 'अपघाताविना दिवस – ४१२'. तो आकडा रोज सकाळी मी स्वतः बदलतो. सेफ्टी ऑफिसर म्हणून मला चौदा वर्षं झाली. हेल्मेट नसेल तर मी कुणाला जांभईसुद्धा देऊ देत नाही.

घरीही तेच. बाथरूममध्ये न घसरणारी चटई, स्वयंपाकघरात आग विझवायचं ब्लँकेट. आमची सुनेत्रा अजून सगळ्यांना सांगत असते, की आमच्या लग्नात सप्तपदीच्या आधी मी होमाच्या आजूबाजूचा मांडव तपासला होता. तपासला होता. जळाला का मांडव? नाही ना?

रिग्गईच्या आमच्या बिल्डिंगमध्ये उन्हाळ्याचा एक रिवाज आहे. जून संपला की निम्मी मराठी कुटुंबं गावी जातात, आणि मागे राहिलेल्यांकडे त्यांच्या किल्ल्या, तुळशी आणि मासे येतात. यंदा समोरच्या हरीशची तेरा वर्षांची ज्ञानदा एक काचेची पेटी छातीशी धरून आमच्या दारात उभी राहिली. पेटीत तळहाताएवढा केसाळ कोळी बसला होता.

"टॅरेंट्युला आहे, काका. शी इज व्हेरी जेंटल. नाव ठकूबाई."

फोटो बघून तिच्या पुण्याच्या आजीने "ही कोण ठकूबाई?" असं विचारलं होतं, तेच नाव राहिलं म्हणे.

"मसुरीच्या दाण्याएवढी होती तेव्हापासून मी सांभाळलीय तिला," ज्ञानदा म्हणाली. "चार वर्षं. लास्ट टाइम मासे दुसऱ्यांकडे ठेवले होते, ते मेले. तुम्ही सेफ्टीवाले आहात, म्हणून तुमच्याकडे ठेवतेय."

आता यावर कुठला सेफ्टीवाला नाही म्हणेल?

तिने सूचनांचा एक कागद दिला. शनिवारच्या मराठी वर्गात शिकलेल्या अक्षरात, सुनेत्राकाकूला सोपं जावं म्हणून मुद्दाम मराठीत लिहिलेला. 'उंचावरून पडू देऊ नका. पोट फुटते.' बरोबर. 'हातात घेऊ नका.' बरोबर. पुढचं मला ठाऊकच होतं. मी खाली 'वाचले व समजले' लिहून सही ठोकली आणि कागद फाइलला लावला. मग त्या एका पानाच्या बालबोध सूचनांच्या जागी मी स्वतः चौदा पानी धोका-तपासणी तयार केली.

पेटी जमिनीवर ठेवली, म्हणजे पडायचा प्रश्नच मिटला. आतली उलटी ठेवलेली करवंटी काढली, कारण आठ पाय असलेल्या प्राण्याला अडखळण्याचा धोका चौपट. शिवाय करवंटीत शिरणं म्हणजे बंदिस्त जागेत काम, त्याला आमच्याकडे वेगळा परवाना लागतो. ती करवंटी मी पेटीशेजारीच जमिनीवर ठेवली. भोवती लाल-पांढरी पट्टी बांधली. फ्रिजवर फलक लावला: 'अपघाताविना दिवस – १'.

रोज सकाळी काचेवर तीनदा टकटक करून मी ठकूबाईची हजेरी घ्यायचो. चौथ्या दिवशी तिने पाठ फिरवली आणि मागच्या पायांनी पोटावरचे केस भराभर माझ्या दिशेने उडवले. अर्ध्या तासात माझे दोन्ही हात खाजकुयलीत घातल्यासारखे झाले.

"तुम्ही त्रास देताय तिला," सुनेत्रा म्हणाली.

"मी तिची सुरक्षितता बघतोय."

"तेच म्हणतेय मी."

मग मी गॉगल, चामड्याचे हातमोजे आणि गमबूट घालून हजेरी घ्यायला लागलो. इकडे ठकूबाईने खाणं सोडलं. शुक्रवार बाजारातून जिवंत नाकतोडे आणले, तिने ढुंकून पाहिलं नाही.

"चातुर्मास पाळत असेल," सुनेत्रा म्हणाली. पण दर शुक्रवारी पुण्याहून व्हिडिओ कॉल यायचा, ज्ञानदा पडद्याला नाक लावून विचारायची, "काका, स्ट्रेस नाही ना आला तिला?" आणि मी म्हणायचो, "शून्य स्ट्रेस." माझी मात्र झोप उडाली होती.

एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ठकूबाई उताणी पडलेली दिसली. आठही पाय वर.

खरं सांगतो, चौदा वर्षांत एवढा घाबरलो नव्हतो. साइटवर माझ्या डोक्यात आकडे असतात, इथे पडद्याला लावलेलं ते एक नाक दिसत होतं.

"संध्याकाळी तिचा फोन येईल," सुनेत्रा खुर्चीत बसत म्हणाली. "पोरीला काय सांगायचं हो?"

काय सांगायचं ते कुठल्याच पानावर नव्हतं. निदान निरोप तरी नीट द्यावा म्हणून मी तुळशीदासला फोन केला. तुळशीदास आमच्या साइटवरचा सुतार, कुडाळकडचा. दोन महिन्यांपूर्वी त्याने एका परवान्यावर मागची बाजू न बघता सही केली होती. मी त्याला साठ माणसांसमोर उभं करून पाऊण तास ऐकवलं होतं, की कागदाला दोन बाजू असतात. तेव्हापासून तो बिस्किटाचा पुडासुद्धा उलटून वाचतो.

शुक्रवारची सुट्टी असूनही तो शवपेटी बनवून घेऊन आला. प्लायवूडची छोटी पेटी, आत पॉलिश, वर कडी. चप्पल काढून हात जोडून उभा राहिला. मी गॉगल लावला, हातमोजे चढवले, गमबूट घातले आणि सुनेत्राचं उलथणं घेऊन काचेच्या पेटीसमोर उकिडवा बसलो.

"माझं डोशाचं उलथणं आहे ते," सुनेत्रा म्हणाली, पण तिने ते काढून घेतलं नाही.

तुळशीदासचा वेळ जाईना, म्हणून त्याने फाइल उघडली. ज्ञानदाचा कागद काढला. सवयीने उलटला.

"साहेब, हात लावू नकात," तो एकदम ओरडला. "मागे लिवलेला आसा!"

मी दचकून उठलो, एक पाऊल मागे टाकलं, आणि ते नेमकं करवंटीवर पडलं. तीच करवंटी, जिला अडखळून ठकूबाई पडू नये म्हणून मी बाहेर काढली होती. पुढे लाल-पांढरी पट्टी पायात आली. मी आडवा झालो आणि उजव्या मनगटातून कट्कन आवाज आला.

तशाच अवस्थेत तुळशीदासने तो कागद माझ्या डोळ्यांसमोर धरला. मागे उताण्या कोळ्याचं चित्र होतं. खाली मोठ्या अक्षरात: 'मेली नाही. साल काढते आहे. हात लावू नका. नाकतोडे बाहेर काढा. काका, प्लीज.'

दवाखान्यातून प्लास्टर घालून दुपारी परतलो, तेव्हा पेटीत दोन ठकूबाया होत्या. एक रिकामी, म्हणजे टाकलेली कात, आणि दुसरी तिच्या शेजारी, नवीकोरी, मखमली. सुनेत्राने डोळे पुसले. मग फ्रिजवरच्या फलकावरचा एकोणीस पुसून शून्य लिहिलं.

"पोरीला काही सांगू नकोस," मी म्हटलं. ती हो म्हणाली.

ऑगस्टअखेर ज्ञानदा परत आली. ठकूबाईला बघून तिचा चेहरा असा फुलला, की माझं मनगट दुखायचं थांबलं. मग तिचं लक्ष प्लास्टरकडे गेलं.

"काका, हाताला काय झालं?"

साइटवर लागलं म्हणावं, तर फाटकावरचा फलक शून्यावर येणार. बाथरूममध्ये घसरलो म्हणावं, तर चटई मीच बसवलेली. सुनेत्रा भिंतीवरच्या पालीकडे फार लक्ष देऊन बघत होती.

"मागची बाजू वाचली नव्हती," मी म्हणालो. एवढे चार शब्द बोलायला मला घाम फुटला.

"आय नो," ज्ञानदा म्हणाली. "काकूने त्याच दिवशी फोटो पाठवला होता. उलथण्यासकट." आणि हसून तिने मार्कर काढला. "प्लास्टरवर लिहू?"

मी मोठ्या मनाने हात पुढे केला. तिने कोपरापाशी, खालच्या अंगाला बराच वेळ काहीतरी लिहिलं. मला वाटलं, थँक यू काका वगैरे असेल. मुलं गुणी असतात हो.

पुढच्या रविवारपासून मी नेहमीसारखा गळ्यात हात अडकवून साइटवर हिंडत होतो. तीन-चार दिवस पाहिलं, माणसं भलतीच अदबीने वागत होती. मी दिसलो की बाजूला होत होती, कुणी धक्का लागू देत नव्हतं. मी म्हटलं, शेवटी शिस्त रुजली.

बुधवारी तुळशीदास जवळ आला. "साहेब, मागची बाजू वाचलास?"

त्याने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. गॉगल आणि गमबूट घातलेला एक माणूस उताणा पडलाय, हातपाय वर. खाली मोठ्या अक्षरात: 'मेले नाहीत. साल काढत आहेत. हात लावू नका.'

त्याखाली, साठ जणांच्या सह्या मावेनात म्हणून सगळ्यांच्या वतीने तुळशीदासनेच, मी दुपारी पेंगत असताना, लिहिलं होतं: 'वाचले व समजले.'