नाना ट्रॅक्टर बघतात

आमच्या शेजारचे नाना रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून कॉम्प्युटरसमोर बसतात आणि तासभर ट्रॅक्टर बघतात. घ्यायचा नाही. नांगरायला जमीनही नाही. नानांचं शेत होतं तिथेच आमची वारज्याची सोसायटी उभी आहे.

"नाना, ट्रॅक्टरच्या पार्किंगची पावती कुणाच्या नावानं फाडू?" सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात.

"तुमच्याच. नांगराला बी तुम्हालाच जुंपतो."

माझे वडील मार्केट यार्डात पोती वाहायचे. ट्रक आले नाहीत की आमच्याकडे भाकरी आणि मिरची. त्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि हे मी कुणी न विचारता सांगते. त्यामुळे काही अडलं की नाना हाक मारतात, "ओ ग्रॅज्युएट! बघा, हे काय मागतंय!"

मागणारा म्हणजे ब्राउझर. मलाच कायमचा ठेवा, म्हणतो. तुम्ही कुठे आहात सांगा, म्हणतो. नाना पडद्यावर बोट रोखतात. "कालचा पाव्हणा तू. वसरीवर बस. लगेच कारभारी व्हायचं हाय?" कुकीजना होकार द्या असं आलं की, "चहाडखोर बेणं! आमच्याच घरात बसायचं आन् आमचंच गावभर सांगायचं!"

कॉम्प्युटर खरं तर सुनेचा. प्राजक्ता ब्लाउज शिवते; गळ्यांचे नमुने, गिऱ्हाइकांचे निरोप, सगळं त्यावरच. उन्हाळ्यात, सहाव्या महिन्यात, तिचं बाळ पोटातच गेलं. तेव्हापासून शिलाई मशीन झाकलेलं. सून अशी, आणि सासरे ट्रॅक्टर बघत होते. शेत गेल्याचं डोक्यात गेलंय, असं लोक म्हणायचे.

मला आडून बोलता येत नाही. एकदा म्हणालेच, "नाना, पोरीची ही अवस्था, आणि तुम्हाला ट्रॅक्टर सुचतात?"

नानांनी आतल्या खोलीकडे बघितलं. आवाज खाली आणला.

"बसली होती ती एकदा कामाला. उघडल्या उघडल्या पाळण्याची जाहिरात. त्याखाली झबली, टोपरी. बाळ गेल्याचं पाव्हण्यांना कळवलं आम्ही. ह्याला कोण कळवणार?"

"हिस्ट्री पुसायची ना."

"पुसली. दुसऱ्या दिवशी पाळणा हजर. मग म्हणलं, आपण बघू तेच हे दावतंय, तर आपणच बघू. पाळणा दिसायचा थांबंस्तोवर."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. ही जाहिरात नको, असं कुठे सांगायचं ते दाखवलं. प्रत्येक 'नको' नानांनी स्वतः दाबलं. झोपलेल्या माणसाच्या तोंडावरची माशी हाकलावी तसं, हलक्या हातानं. मग पुन्हा ट्रॅक्टर. मग कडबाकुट्टी, ठिबकचे पाइप, पाण्याचे पंप. मधूनच एखादं झबलं डोकं वर काढायचं. नाना पुटपुटायचे, "हाय अजून."

असे कितीतरी दिवस गेले. प्राजक्ता त्या खोलीत पाऊल ठेवत नव्हती. एका सकाळी तासभरात एकही झबलं आलं नाही. नानांनी खुर्ची सोडली आणि आत जाऊन एवढंच म्हणाले, "बाळ, आता बसून बघ."

परवा मी गेले तर नाना जिन्यात उभे. मला हातानंच थांबवलं.

"आत नको जाऊ. काम करतीय."

दार अर्धवट उघडं होतं. प्राजक्ता पडद्यावर बाह्यांचे नमुने बघत होती, मांडीवर मोरपंखी कापड. संध्याकाळपर्यंत तिनं एक ब्लाउज शिवून पूर्ण केला.