शेपटीवरचे दाखले

निवृत्त लिफ्ट निरीक्षकांनी थोरल्या बहिणीला, आक्काला, शब्द दिला, तो मंगळवारी सकाळी. रविवारपर्यंत आपलं विमान तिच्या खिडकीसमोरून उडवून दाखवायचं. विमान फोमचं होतं, बॅटरीवर चालणारं, रिमोटचं. वजन तीनशे दहा ग्रॅम. खोक्यावर 'नवशिक्यांसाठी' असं छापलेलं. रविवारी आक्काची लेक तिला कायमची आपल्या तळमजल्यावरच्या घरी नेणार होती, आणि त्या घराच्या खिडकीतून समोरच्या भिंतीखेरीज काही दिसत नव्हतं.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आक्का तिसऱ्या मजल्यावर पलंगाला खिळली होती. तिला खाली मैदानावर आणता आलं असतं, पण इमारतीची लिफ्ट बंद होती. लिफ्टला सील या धाकट्या भावानंच ठोकलं होतं, नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात. लिफ्ट उत्तम चालायची. मात्र तिचा दाखला ज्या चौकटीत लावायचा, ती चौकट नियमापेक्षा दोन सेंटिमीटर अरुंद असल्याचं एका जागरूक नागरिकानं निनावी पत्रानं कळवलं होतं. पत्र आल्यावर निरीक्षकांचा नाइलाज झाला.

"धाकट्या, तुझी लिफ्ट वर येत नाही, तिथं विमान काय येणार?" आक्का म्हणाली.

"लिफ्टचे कागद अपुरे होते. विमानाचे मी आधी करून घेतोय."

खिडकीसमोरचं मैदान हौशी विमान मंडळाच्या ताब्यात होतं. मंडळाच्या सचिवांनी स्वतः कधीच विमान उडवलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणालाच शंका नव्हती. त्यांच्या टेबलावरचे चार शिक्के बघून निरीक्षकांना माहेरी आल्यासारखं वाटलं. तासाभरात उड्डाणयोग्यतेचा दाखला हातात पडला. दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेला, आठ ग्रॅमचा. तो नियम सातप्रमाणे शेपटीवर चिकटवण्यात आला.

शिकवायला दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. "समोरून येणारं विमान उलटं वागतं," त्या म्हणाल्या. "तुमचं डावं ते त्याचं उजवं. मी दिवसभर आरशात दात बघते, म्हणून मला जमतं. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा, जो पंख झुकलेला दिसेल त्याच बाजूला रिमोटची दांडी ढकलायची. पडणाऱ्याला हात द्यायचा, बस."

बुधवारी विमान सुटलं, सुटल्या सुटल्या त्यानं नाक वर केलं, हवेत क्षणभर अडलं आणि दगडासारखं खाली आलं. पंख मधोमध मोडला.

बाईंनी तुटलेल्या कडांचा चुरा ब्रशनं झाडला, आत बांबूची बारीक काडी बसवली आणि डिंकाची नळी निरीक्षकांच्या हातात दिली. "थोडाच लावा. भरपूर लावलं की काम चांगलं होतं, असं माझ्या पेशंटनाही टूथपेस्टबद्दल वाटतं." पाच मिनिटं पंख दाबून धरल्यावर तो पुन्हा एकसंध झाला. आपल्या हातानं एखादी गोष्ट बंद पडण्याऐवजी सुरू होते, हा अनुभव निरीक्षकांना नवा होता.

सचिवांनी चौकशी केली. निष्कर्ष असा निघाला, की दाखला जमिनीवरून वाचता येत नव्हता. सबब तो मोठ्या आकारात लावावा. शिवाय पंखाच्या दुरुस्तीचा दाखला वेगळा.

गुरुवारी विमान आणखी लवकर पडलं.

बाईंनी पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोललं. ते मागच्या मागे कलंडलं. "शेपूट जड झालीय हो! तिथला एक ग्रॅम सावरायला नाकात तीन ग्रॅम लागतात. हे दाखले काढा."

"काढा?" सचिव दचकले. "मग विमान सुरक्षित आहे हे विमानाला कळणार कसं?"

"निदान पुढे तरी लावा."

"पुढे पंखा फिरतो, मधे बॅटरी. शेपूट रिकामीच असते. नियम फार विचार करून केलेले असतात, बाई."

निरीक्षकांनी मान डोलावली; चौतीस वर्षं ते हेच वाक्य बोलत आले होते. त्यांनी तोडगा काढला. शेपूट जड, तर नाकात लोखंडी नट बसवावा. सचिवांनी तोडगा मान्य केला आणि नोंद केली, की हा नट मूळ रचनेत नसल्यानं त्याला दाखला लागेल.

"तो कुठं लावायचा?" बाईंनी विचारलं.

"शेपटीवर."

त्या दाखल्यापायी दुसरा नट आला. दुसऱ्या नटाचा दाखला आला. शुक्रवारी बाई वैतागून दवाखान्यात निघून गेल्या. शनिवारी दुपारपर्यंत नाकात पाच नट आणि शेपटीवर सात दाखले झाले. दोन बोटांवर विमान तराजूसारखं सरळ राहिलं. वजन पाचशे चाळीस ग्रॅम. निरीक्षकांनी दांडी पुढे केली. विमान गवतातून घरघरत कुंपणापर्यंत गेलं आणि थांबलं.

"पडलं नाही!" सचिवांनी सर्वांदेखत टाळ्या वाजवल्या आणि 'वर्षातलं सर्वांत सुरक्षित विमान' असा दाखला जागेवर लिहून दिला.

घरी आल्यावर आक्का म्हणाली, "धाकट्या, ते विमान होतं की गवत कापायचं यंत्र? असू दे रे. उद्या दहाला माणसं येतायत मला उचलायला. खुर्चीला दाखला नाही म्हणून त्यांना अडवू नकोस म्हणजे झालं."

निरीक्षकांनी घड्याळाला सकाळी सातचा गजर लावला.

रविवारी सकाळी आठ वाजता ते एकटेच मैदानावर उभे राहिले. चौतीस वर्षांत त्या हातांनी एकही दाखला उतरवला नव्हता. पहिल्याला नख लावण्याआधी त्यांनी तो एकदा पूर्ण वाचून काढला. आठवा सहज निघाला. मग त्यांनी नट काढले, दोन बोटांवर विमान तोललं आणि हवेत सोडलं.

ते उडालं. झाडांच्या वर गेलं, वळलं, परत येताना त्याचा पंख झुकला. पडणाऱ्याला हात द्यायचा! निरीक्षकांनी दांडी त्या बाजूला ढकलली आणि विमान सावरून तिसऱ्या मजल्यासमोरून सरळ गेलं, इतकं जवळून की पडदा हलला.

"आलं गं बाई! वर आलं!" आक्काचा आवाज मैदानभर ऐकू आला. "परत आण रे, परत!"

त्यांनी ते चार वेळा परत आणलं.

दहाला माणसं आक्काला लेकीकडे घेऊन गेली आणि संध्याकाळी पत्र आलं. निवासी खिडक्यांसमोर दाखल्याविना विमान उडाल्याचं एका जागरूक नागरिकानं मंडळाला कळवलं होतं; सोबत फोटो. पत्र आल्यावर सचिवांचा नाइलाज झाला. विमान जप्त करून त्यांनी मैदानाला सील ठोकलं.

निरीक्षकांनी पत्र पाहायला मागितलं. अक्षर त्यांनी लगेच ओळखलं. लिफ्टच्या चौकटीची रुंदी याच वळणदार अक्षरात आली होती.

तो नागरिक याच इमारतीतला. आठवडाभर नट आणि दाखल्यांचा किस्सा जिन्यात रंगवून सांगणारा, सचिवांची नक्कल करून सगळ्यांना हसवणारा तोच. माणूस वाईट नाही. सरकारी कारभारावरच्या असल्या गोष्टी त्याला मनापासून आवडतात. ही गोष्टसुद्धा त्यानं आत्ता शेवटपर्यंत वाचली, 'अगदी खरंय' म्हणत मान डोलावली, आणि जिचा दाखला तपासायचा राहून गेलाय अशी एखादी खिडकी समोर दिसते का, म्हणून मान वर केली.