सर्व्हरची खंडेनवमी

पुरणपोळी खाताना मी कुणालाही काहीही कबूल करतो. भामाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे लग्नापासून ठाऊक आहे. त्या रविवारी कुठलाही सण नसताना तिनं पुरण का घातलं, याचा विचार मी घास तोंडात घालण्यापूर्वी करायला हवा होता. समोर माझे सासरे जेवत होते.

"बाबांना आठवणींचं पुस्तक काढायचंय. पंचाहत्तरीला प्रकाशन," भामा म्हणाली. "पण डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लिहिणं बंद केलंय."

"त्यात काय मोठंसं?" मी म्हणालो. "बाबा, तुम्ही नुसतं सांगा, मी टाइप करतो. आमच्या सर्व्हरवर ठेवू." (ही दुसरी पोळी होती. तिसरीला मी छापूनही दिलं असतं.)

माझे सासरे एकनाथराव म्हणजे हैदराबादच्या बरकतपुऱ्यातले जुने वकील. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, पुढं इंग्रजीतून भांडले, आणि घरात मराठीतून गप्प बसले. त्यांच्या उलटतपासणीला साक्षीदार घाबरत असत. मी साक्षीदार नसूनही घाबरतो. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाबांनी माझ्याबद्दल चांगलं किंवा वाईट असं काही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. वाईट म्हटलं असतं तरी चाललं असतं, निदान दखल घेतल्यासारखं झालं असतं.

सर्व्हर माझ्या हाती कसा आला, तेही सांगतो. आमचे मालक सत्तय्यागारू (इथं गारू म्हणजे आपलं राव) यांची बेगम बाजारात स्टीलच्या भांड्यांची पेढी होती आणि मी त्यांच्या गोदामाचा क्लार्क होतो. मग देशाचे दरवाजे उघडले, हैदराबादेत जो तो कॉम्प्युटरच्या गोष्टी करू लागला आणि सत्तय्यागारूंनी हिमायतनगरला एक मजला घेऊन कॉम्प्युटरची कंपनी काढली. कंपनी नेमकं काय करणार हे पुढं ठरायचं होतं, पण मशीनं आधी आली. मशीनच्या खोलीला कुलूप होतं, कुलपांच्या किल्ल्या पहिल्यापासून माझ्याकडे असत, म्हणून मी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर झालो. भामानं माझं नवं कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

मशीनं दोन होती. खालच्या खोलीत कपाटाएवढा सर्व्हर. दुसरं मशीन सामान साठवायचं, त्याला स्टोरेज म्हणत. वास्तूवाल्यानं साठवणीची वस्तू नैर्ऋत्येला ठेवा असं सांगितल्यामुळं ते गच्चीवरच्या खोलीत, पाण्याच्या टाकीशेजारी बसवलं होतं. दोघांमध्ये एक लांब केबल. ही सगळी मांडणी करून देणारा प्रशांत नावाचा इंजिनिअर बाबांच्याच गल्लीतला मुलगा. त्यानं मला समजावलं होतं.

"काका, सर्व्हरवर एक क्लायंट नावाचा प्रोग्रॅम चालतो. तो चालू असला की वरचं स्टोरेज खाली आपल्याच घरात असल्यागत दिसतं. तो नसला तर काहीच दिसत नाही. म्हणून पैले वरचं स्टोरेज चालू करायचं. ते उठून बसलं की मग खालचा सर्व्हर. तो स्वतःच क्लायंट सुरू करतो. उलटं नक्को करू. आणि एकदा चालू केलं की बंदच नक्को करू."

मी मान हलवली. मान हलवणं हे माझं या खात्यातलं मुख्य काम होतं.

संध्याकाळी ऑफिस सुटलं की बाबा ऑटोनं यायचे. एसी लावलेल्या खोलीत मफलर गुंडाळून बसायचे आणि सांगायचे. मी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर टाइप करून ते स्टोरेजमध्ये ठेवायचो. कंपनीकडे तिथं ठेवण्यासारखं अजून काही नव्हतंच, त्यामुळं त्या अवाढव्य साठवणीत बाबा एकटेच राहत होते. क्लायंट म्हणजे काय, हे त्यांनी एकदा विचारलं आणि मी सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे अशील. अशील गैरहजर असला की वकिलाला काही करता येत नाही." मला ते तेव्हा उगाचच वाटलं.

भामा एकदा म्हणाली, "अहो, एक प्रत घरी आणून ठेवूया का? फ्लॉपीवर म्हणा, कशावर म्हणा."

"सर्व्हर म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे?" मी हसून म्हणालो. "दुसरी भरून ठेवायला?"

आठवणी छान चालल्या होत्या. कॉलेजच्या परीक्षेला जाण्यासाठी बाबांनी ऐन पुरात मुसी नदी पोहून पार केली, तो प्रसंग टाइप करताना माझ्या अंगावर काटा आला. आणि मग एका संध्याकाळी, भामाच्या लग्नाचं सांगून झाल्यावर, बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहा. अनंतरावांच्या हाती काहीही सोपवावं आणि निश्चिंत व्हावं."

अनंतराव म्हणजे मीच. मी लिहिलं. ठळक अक्षरांत केलं, मग लाज वाटली आणि परत साधं केलं. घरी जाताना मी भामासाठी गजरा नेला. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आता पुस्तकात येणार होतं आणि ते पुस्तक सगळं बरकतपुरा वाचणार होतं, याचा मला जो आनंद झाला तो मी लपवत नाही.

यानंतर नवरात्र आलं. खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची, अवजारांची पूजा. इथले लोकही त्या दिवशी रिक्षापासून रोलरपर्यंत सगळ्याला हार घालतात. सत्तय्यागारूंनी फर्मान काढलं की दोन्ही मशीनं बंद करून, स्वच्छ पुसून, यथासांग पूजा झाली पाहिजे. मी विचारलं, पूजेनंतर चालू आधी कुठलं करू?

"पैले बडे को, अनंतगारू," ते म्हणाले. "शादी में भी पैले घर के बडे को पूछते ना? छोटे को बाद में."

मला ते एकदम पटलं. (प्रशांतनं काहीतरी वेगळं सांगितल्यासारखं वाटत होतं, पण प्रशांतला पूजेतलं काय कळतं?) सर्व्हरला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि काळ्या स्क्रीनच्या उजव्या बाजूला ओल्या कुंकवानं ठसठशीत स्वस्तिक काढलं. मग वडीलकीच्या मानानं आधी सर्व्हर चालू केला. स्क्रीनवर अक्षरं धावली. शेवटच्या ओळीत डावीकडं 'क्लायंट' आणि 'स्टार्ट' हे शब्द दिसले, त्यापुढं स्वस्तिक होतं. मी हात जोडले. त्यानंतर सावकाश प्रसाद घेऊन गच्चीवर गेलो आणि स्टोरेज चालू केलं.

दसऱ्याची सुट्टी संपवून ऑफिसला आलो, आठवणींचा फोल्डर उघडला, तर तो रिकामा.

मी बंद करून परत उघडला. रिकामा. चष्मा पुसून उघडला. खुर्ची बदलून उघडला. तरी रिकामाच. बाबांचं बालपण, रझाकारांचे दिवस, वकिली, सासूबाईंचं आजारपण, भामाचं लग्न, आणि माझं ते एक वाक्य. पंचाहत्तरीला आलेला माणूस मी पुसून टाकला होता, आणि तो संध्याकाळी ऑटोनं येणार होता.

प्रशांत अमेरिकेच्या व्हिसासाठी चेन्नईला जाऊन बसला होता. एसटीडी बूथवरून त्याच्या लॉजला फोन लावला.

"काका, क्लायंट सुरू झाला का?"

"झाला ना. तसं स्क्रीनवर लिहिलंय."

"त्याच्यापुढं काय लिहिलंय?"

"पुढं स्वस्तिक आहे."

"काय आहे?"

"स्वस्तिक. कुंकवाचं."

"मग ते पुसून–" एवढं ऐकू आलं आणि लाइन तुटली. पुन्हा लागलीच नाही. पूजेचं स्वस्तिक पुसायला सांगणारा हा मुलगा अमेरिकेला गेल्यावर काय होणार, असं माझ्या मनात आलं. पूजेचं कुंकू आपल्या हातानं पुसायचं नसतं, ते आपोआप जाईल तेव्हा जाईल, असं आमच्या घरी आहे. सत्तय्यागारूंच्या घरी तर त्याहून कडक आहे.

बाबांना आज येऊ नका असा निरोप धाडला आणि घरी येऊन भामाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं.

"बाबांना कळलं तर ते काही बोलणार नाहीत," ती म्हणाली. "पण परत कधी काही सांगणारही नाहीत. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला बुडून जावंसं वाटलं.

शेवटी तिनंच मार्ग काढला आणि आम्ही बाबांकडे गेलो. "बाबा," ती म्हणाली, "यांचं म्हणणं, एकदा सगळं पुन्हा सांगितलंत तर भाषा मुरेल." निवृत्त वकिलाला पुन्हा बोलायला सांगितलं तर तो नाही कशाला म्हणेल? बाबा दुसऱ्या दिवसापासून हजर. मी टाइप करून त्याच रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवू लागलो.

पण या खेपेस बाबांची मुसी आटली. ते टांग्यात बसून पुलावरून परीक्षेला गेले. मी दबक्या आवाजात म्हणालो, "पोहून गेला होतात ना?" तर म्हणाले, "छे, मला पोहता कुठं येतं?" भामाच्या लग्नापर्यंत आलो तेव्हा मी बोटं कळांवर तयार ठेवली. बाबा म्हणाले, "जावई अनंतराव. कॉम्प्युटरचं काहीतरी करतात." आणि ते पुढं गेले.

मला फार लागलं ते. मी वाट बघितली, खोकलो, चहा मागवला. वाक्य परत आलं नाही. मग बाबा ऑटोत बसून गेल्यावर मी ते आठवणीतून स्वतःच लिहिलं. आता आठवणीतून लिहिताना दोन-चार शब्द इकडचे तिकडे व्हायचेच. 'अनंतराव हे अत्यंत कर्तबगार, दूरदर्शी व विनम्र गृहस्थ असून त्यांच्या हाती काहीही सोपवावं आणि निश्चिंत व्हावं,' असं ते झालं.

काम संपलं त्या दिवशी बाबा संपूर्ण मजकूर ऐकायला आले. वाचायला भामा होती. आणि त्याच वेळी व्हिसा मिळालेला प्रशांत पेढे घेऊन आला.

"काका, ते फोनवर काय सांगत होता तुम्ही?" असं म्हणत तो सर्व्हरपाशी गेला, आणि मी अडवायच्या आत त्यानं रुमालानं स्वस्तिक पुसलं. कुंकवाखाली इंग्रजीत एक शब्द होता. फेल्ड.

"स्टोरेज नंतर चालू केलं ना, काका?" तो म्हणाला. "क्लायंट वर बघायला गेला तेव्हा वर सगळे झोपलेले." त्यानं दोन कळा दाबून क्लायंट सुरू केला. तिकडे भामा, फोल्डर पुन्हा उघडून, वाचू लागली होती.

"'ऐन पुरात मी मुसीत उडी घेतली आणि पोहत पलीकडे–'" ती थबकली.

"कोणी घेतली?" बाबांनी विचारलं.

मला कळेना हसावं की रडावं. जुना मजकूर जसाच्या तसा परत आला होता, आणि नवा सगळा गायब. प्रशांतनं समजावलं की भिंतीतल्या रिकाम्या कोनाड्यात आपण सामान ठेवावं आणि नंतर त्याच्यापुढं भरलेली ट्रंक आणून लावावी, तसं हे आहे. ट्रंक म्हणजे वरचं स्टोरेज. काही हरवलेलं नाही. हे दाखवायला त्यानं उत्साहानं क्लायंट बंद केला, आणि भामाच्या समोर कोनाडा, म्हणजे नवा मजकूर, उघडा पडला. ती आपली, लग्नाचं प्रकरण उघडून, वाचतच होती.

"'अनंतराव हे अत्यंत कर्तबगार, दूरदर्शी व विनम्र गृहस्थ असून–'"

बाबांनी मफलर सोडून घडी करून मांडीवर ठेवला. कोर्टात ते असंच काहीसं करत असावेत.

"अनंतराव, हे वाक्य कोणाचं?"

"तुमचंच, बाबा."

"दूरदर्शी हा शब्द माझा?"

"तो... नाही."

"विनम्र?"

मी सगळं सांगून टाकलं. पूजा, वडीलकीचा मान, कुंकू, फोन, पुरण. आयुष्यात प्रथमच मी बाबांसमोर इतकं बोललो. त्यांनी अडवलं नाही. मग म्हणाले, "माझं मूळ वाक्य वाच, भामा." प्रशांतनं क्लायंट पुन्हा सुरू केला. भामानं ते वाचलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. मग मुसीच्या दोन्ही जबान्या वाचायला लावल्या.

"एकाच साक्षीदाराच्या दोन जबान्या," ते म्हणाले. "मी जन्मभर यावर लोकांना आडवं पाडलं. आज दोघंही सापडलो. जाऊ द्या. शेवटची प्रत मी स्वतः भामाला सांगतो."

पंचाहत्तरीला पुस्तक आलं. हॉल भरला होता आणि बाबा पुस्तकातलं वाचून दाखवत होते. सत्तय्यागारू पहिल्या रांगेत होते. मुसीचा तिढा बाबांनी वकिली पद्धतीनं सोडवला होता. पुस्तकात एवढंच होतं, 'त्या दिवशी मी मुसी ओलांडली.' मग चष्मा सारखा करून ते म्हणाले, "आता माझ्या जावयांविषयी." भामानं माझा हात धरला.

"'अनंतरावांच्या हाती काहीही सोपवावं आणि निश्चिंत व्हावं,'" बाबांनी वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभा राहिलो, चारी दिशांना नमस्कार केला, सत्तय्यागारूंना विशेष वाकून केला.

टाळ्या थांबेपर्यंत बाबा थांबले. मग त्यांनी पान उलटलं.

"'मात्र त्याची एक प्रत भामाजवळ ठेवावी.'"