साहेब बैठकीत आहेत

“हिरवं पाहिजे, हिरवं पाहिजे! काम आहे का भाजीची जुडी?” मिस्त्री भिंतीशी बोलत होते. शेवटचा ब्लॉक त्यांनी स्लॅबखाली सारला, थापीच्या दांड्याने ठोकला आणि कडेने बाहेर आलेला सिमेंटचा माल निपटून घेतला. “घ्या. झालं हिरवं.”

मागे जिन्यात उभ्या असलेल्या ताईंना हे सगळं ऐकू आलं. ताई या इमारतीच्या कामावरच्या इंजिनीयर. मिस्त्रींची कुरकुर त्यांना नवी नव्हती. उलट मिस्त्री गप्प झाले की ताई ओळंबा लावून भिंत तपासत. नवी होती ती भिंतच. सकाळी त्या पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेल्या, तेव्हा तळघरातल्या संगणकाच्या खोलीची ही बाजू उघडी होती. आता इकडच्या कोपऱ्यापासून तिकडच्या कोपऱ्यापर्यंत सलग, सरळ, देखणी भिंत उभी होती.

“मिस्त्री, दार कुठाय?”

“असेल की त्या बाजूनं.”

“त्या बाजूला माती आहे, मिस्त्री. तळघर आहे हे. तिन्ही बाजूंना माती.”

मिस्त्रींनी थापी सावकाश खाली ठेवली. “मग साहेब कुठून बाहेर येणार?”

“कुठले साहेब?”

मिस्त्रींनी हनुवटीने भिंतीकडे खूण केली.

साहेब म्हणजे हिरवेसाहेब. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. मुख्य ऑफिसने त्यांना इथला कारभार सुधारायला धाडलं, त्यानंतर पडलेलं नाव. त्यांनी प्रत्येकाच्या फोनमध्ये एक यंत्रणा बसवून दिली. प्रत्येक कामापुढे एक गोल. काम वेळेवर असेल तर हिरवा, रेंगाळलं तर पिवळा, अडलं तर लाल. आणि ज्याच्या नावावर लाल, त्याने मुख्य ऑफिसात जायचं आणि भरल्या सभेत पडद्यासमोर उभं राहून ‘मी कुठे कमी पडलो’ यावर बोलायचं. महिनाभरात सगळी इमारत कशी पावसाळ्यातल्या डोंगरासारखी हिरवीगार झाली. गळणारी टाकी हिरवी, न आलेली लिफ्ट हिरवी. हिरवेसाहेबांची छाती दोन बोटं फुगली.

लाल दाबलं होतं ते फक्त ताईंनी. दोनदा, आणि दोन्ही वेळा याच खोलीसाठी. बांधकामवाल्यांच्या नकाशात लिहिलं होतं, ‘दार संगणकवाले बसवतील’. संगणकवाल्यांच्या नकाशात होतं, ‘दार बांधकामवाले ठेवतील’. दोघांनीही आपापला वाटा पूर्ण म्हणून हिरवा केलेला. मधल्या मध्ये दार कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. ताईंनी हे भर बैठकीत सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, “ताई, तुमची दृष्टी नकारात्मक आहे.” आणि स्वतःच्या अंगठ्याने दोन्ही लाल हिरवे केले. वर गोड आवाजात बजावलं, “आता तिसरं लाल आलं, तर तुम्हाला गोदामात पाठवावं लागेल. नळाच्या तोट्या मोजायला.”

ताईंना तोट्यांची भीती नव्हती. पण ही इमारत त्यांनी खड्डा होता तेव्हापासून अंगाखांद्यावर वाढवली होती. घरी सासूबाई रोज विचारत, “तुझी कितवीपर्यंत आली?” जणू इमारत शाळेतच जात होती. ती पूर्ण होईल, तेव्हा पुढच्या दाराची किल्ली आपल्या हाताने मालकीणबाईंच्या हातात ठेवायची, एवढी एकच इच्छा ताई धरून होत्या. गोदामात बसून ते होणार नव्हतं. आणि मालकीणबाई आजच संध्याकाळी काम बघायला यायच्या होत्या.

“अहो, पण माणूस आत असताना तुम्ही भिंत घातलीतच कशी?”

“दोनदा हाक मारली, ताई! साहेब आमच्याकडे पाठ करून, कानांना ते टोपण लावून, संध्याकाळच्या भाषणाची तालीम करत होते. ‘यशस्वी प्रकल्पाची गुरुकिल्ली.’ मी साहेब म्हटलं, तर मागे न बघता नुसता हात वर केला. थांब म्हणून, का चालू दे म्हणून? मी काय समजायचं?”

“आणि तुम्ही चालू ठेवलंत.”

“भिंत वेळेत झाली नाही तर गोल आपोआप लाल होतो, ताई. माझ्या नावावर. मी त्या सभेत काय बोलणार? मला पोरीच्या साखरपुड्यात दोन शब्द बोला म्हणाले, तर मी पंगतीत पाणी वाढायला पळालो होतो.”

तेवढ्यात भिंतीच्या आतून टकटक झाली. मग जोरात. तारा न्यायला छातीच्या उंचीवर मनगटाएवढं एक भोक ठेवलं होतं. ताईंनी वाकून त्याला डोळा लावला, तर पलीकडून दुसरा डोळा त्यांच्याकडे बघत होता.

“ताई, हे काय आहे?”

“भिंत आहे, साहेब. हिरवी झालीये.”

“माल ओला आहे अजून,” मिस्त्री म्हणाले. “लाथ घातली तरी पडेल.” आणि त्यांनी पाय उचललादेखील.

“थांबा!” आतला आवाज कडाडला. “पूर्ण झालेलं काम पाडायचं म्हणजे लाल! आज बाई यायच्यात. बदलाची परवानगी काढा आधी.”

“ती कोण देतं?” ताईंनी विचारलं.

“मी.”

“मग द्या.”

“इथं रेंज नाही.”

“फोन भोकातून बाहेर द्या. वर नेते.”

“अंगठा माझा लागतो.”

रेंज जिन्याच्या वरच्या पायरीवर आणि अंगठा तळघरात. ताईंनी क्षणभर विचार केला. हातात त्यांचा स्वतःचा फोन होता. लाल गोल बोटभर अंतरावर होता.

“तुम्ही लाल दाबायचं नाही हं, ताई,” आतून सूचना आली. “काय ठरलंय आठवतंय ना?”

“आठवतंय. म्हणून तर दाबत नाही. तुम्ही एवढंच म्हणा की काम लाल आहे. तुमच्या तोंडानं. आत्ता पाडते भिंत.”

“मी? माझ्या प्रकल्पात आजवर एक लाल नाही!”

“मग बसा हिरव्यात,” ताई म्हणाल्या. रंगाचा रिकामा डबा त्यांनी उपडा केला, भिंतीसमोर ठेवला आणि त्यावर ठाण मांडलं.

संगणकाच्या तारांचं काम साहेबांच्या मेहुण्याकडे होतं. तो तारांचं भेंडोळं खांद्यावर घेऊन खाली आला, भिंत बघितली, भोक बघितलं, भोकातला डोळा ओळखला आणि कपाळाला हात लावला.

“भाऊजी! आक्काचा फोन आला होता. जेवलात का विचारत होती.”

“काय सांगितलंस?”

“बैठकीत आहेत म्हटलं.”

“मग?”

“म्हणाली, मग आज काय नवीन?”

मेहुण्याने भोकातून एक केळं आत सारलं. केळं अगदी मापात बसलं. जणू नकाशा काढताना त्याचाच विचार केला होता. मग प्लास्टिकच्या नळीतून चहा सोडला.

“चहा बेतानं, साहेब,” ताई डब्यावरून म्हणाल्या. “आत सगळी सोय नाहीये.”

“मला काही होत नाही!” साहेब गरजले, आणि ईर्ष्येने आणखी एक कप मागून प्यायले.

दुपारची आढावा बैठक चुकवणं साहेबांच्या रक्तात नव्हतं. ती भोकातून झाली. एरवी त्या बैठकीत साहेब पडद्यासमोर बोलत आणि बाकीचे उभ्या उभ्या डुलक्या घेत. आज पडदा नव्हता. एकेकाने भोकाला तोंड लावायचं आणि साहेबांनी कान लावायचा. कान लावलेल्या माणसाला त्याच वेळी बोलता येत नाही, त्यामुळे साहेबांना ऐकावं लागलं. नोकरीत बहुधा पहिल्यांदाच.

“लिफ्ट हिरवी आहे ना?” त्यांनी लिफ्टवाल्याला विचारलं.

“आहे साहेब. हिरवी आहे. फक्त आलेली नाही.”

“आलेली नाही म्हणजे?”

“म्हणजे कारखान्यातूनच निघाली नाही.”

“मग हिरवं कुणी केलं?”

“तुम्हीच, साहेब. मी तर पिवळं ठेवलं होतं.”

मग प्लंबर आला. टाकी गळते, आणि गळते हे गच्चीवरच्या कबुतरांनाही माहीत आहे, असं त्याने सांगितलं. तो दूर झाल्यावर साहेबांचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत. “ताई, आहात का?”

“आहे की. जाते कुठे?”

“हे सगळं मला आधी कुणी का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं एका बाईनं. तिची दृष्टी नकारात्मक निघाली.”

साहेब आत येरझाऱ्या घालू लागले. त्या येरझाऱ्यांना आता एक लगबग होती. चहाने आपलं काम वेळेवर सुरू केलं होतं.

मिस्त्री मधूनमधून येऊन भिंतीवर टिचकी मारून बघत. “आता लाथेनं नाही पडायची,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “आता घणच लागणार.” त्यांच्या आवाजात काळजी होती, पण खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही होता. झटपट सुकणारा हा माल हिरवेसाहेबांनीच खास मागवला होता, कामाचा वेग वाढावा म्हणून.

“ताई, पुरे आता,” मेहुणा हात जोडून म्हणाला. “तुम्हीच दाबा ना लाल. भाऊजी मरतील, पण म्हणायचे नाहीत. घरी दूध उतू गेलं तरी ‘नियोजनानुसार आहे’ म्हणतात.”

“का दाबू?” ताई उसळल्या. “आधी म्हटलं तर नकारात्मक. गप्प बसले तर भिंत. दर वेळी खरं बोलायचं मी, आणि गोदामात जायचंही मीच? नाही. आज घण मी उचलीन, पण शब्द त्यांनी उचलायचा.”

त्या उठल्या आणि कोपऱ्यातला घण आणून डब्याशेजारी उभा केला. नेमक्या त्याच वेळी जिन्यात काठीचा आवाज आला.

मालकीणबाई ठरल्या वेळेआधीच आल्या होत्या. वयाने वाकलेल्या, पण नजर अशी की रंगाच्या तिसऱ्या हाताखालून पहिला दिसावा. मिस्त्री, मेहुणा, लिफ्टवाला, प्लंबर, सगळे एका ओळीत भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मेहुण्याची पाठ बरोबर भोकावर आली.

“भिंत सुरेख झालीये,” बाई म्हणाल्या. मिस्त्री इतके लाजले की त्यांना भिंतीमागचं सगळं विसरायला झालं.

“साहेब कुठे आहेत तुमचे?”

“बैठकीत आहेत,” मेहुणा म्हणाला.

“कुठे?”

“आतच.”

“बरं. मग आपणही आत जाऊ. संगणकाची खोली बघायचीच आहे मला.”

सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं.

“आत जाणं,” मेहुणा म्हणाला, “ते पुढच्या टप्प्यात घेतलंय, बाई.”

तेवढ्यात त्याच्या पाठीमागून एक शिंक आली. सिमेंटच्या धुळीची, मोठी, साहेबी शिंक.

“भिंत शिंकली का?” बाईंनी विचारलं.

“ओली आहे ना अजून,” मिस्त्री म्हणाले, आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःच जीभ चावली.

ताईंनी मेहुण्याला खांद्याला धरून बाजूला सारलं. भोक मोकळं झालं. त्यांनी घण उचलून खांद्यावर घेतला. बाईंची काठी जागीच थांबली.

“अहो, काय करताय? ही बांधलेली भिंत आहे!”

“हो ना, बाई. काम पूर्ण आहे, हिरवं आहे, वेळेत आहे. ती का पाडायची ते मी सांगू शकते. पण मी सांगितलेलं इथं धरत नाहीत. मी खूप वेळा सांगून बघितलं.” त्या भोकाकडे वळल्या. घण जड होता, पण आवाज जराही हलला नाही. “साहेब, बाई आल्यात. समोर उभ्या आहेत. आता तुम्ही बोला, नाहीतर मी हा घण खाली ठेवते, बाईंना गच्चीवर टाकी दाखवायला नेते आणि तिथून सावकाश उतरते.”

आतल्या येरझाऱ्या थांबल्या. भोकात आधी एक डोळा आला. त्याने बाईंना पाहिलं, ताईंना पाहिलं, खांद्यावरच्या घणाला पाहिलं. मग डोळा गेला आणि तिथे ओठ आले. कोरडे, जरा सिमेंट लागलेले.

“बाई,” साहेब म्हणाले. पुढे काहीतरी नियोजन, टप्पा, आढावा असं येणार म्हणून सगळे वाट बघत राहिले. ते आलं नाही. “बाई, दार ठेवायचं राहिलं. ताई सांगत होत्या, मी ऐकलं नाही. लिफ्ट आलेली नाही. टाकी गळतेय. एकसुद्धा गोल हिरवा नाहीये. सगळे लाल माझ्या नावावर टाका. आणि ताई, कृपा करून जरा लवकर... मला फार जोराची लागलीये.”

ताईंनी ओढणी कमरेला घट्ट खोचली.

“कोपऱ्यात सरका, साहेब.”